धोंड्याचे बूट

साडूवर जळायला मला कधी कारण लागलं नाही. पण मागच्या धोंड्याच्या महिन्यात त्यानं ते आयतंच दिलं. चाकूरला सासरवाडीत आम्ही दोघे जावई वाणाला जमलो होतो. साडू मोठा जावई, लातूरला इंग्रजीचे क्लास घेतो. निघताना लेकीला म्हणाला, "डू अप युवर शूज!" पोरीनं वाकून बुटाची लेस बांधली आणि सासूबाईंचे डोळे असे भरून आले, जणू माहूरची देवी समोर उभी!

"काय बोलले हो, जावईबापू?"

"लेस बांध म्हणलो, मामी."

"अगं बाई! बूट बांधायला बी इंग्रजी!" आणि मग शेजारणीला, पण मला नीट ऐकू येईल अशा बेतानं, "आमचे धाकटे मातुर जल्माचे चपलेत."

तीन वर्षं तो घास घशाखाली उतरला नाही. यंदा अधिक महिना लागला तसा मी नांदेडात लेसचे बूट घेतले. असे चकचकीत की रस्त्यातल्या म्हशी त्यात तोंड बघून लाजल्या. लेस सुटून अब्रू जाऊ नये म्हणून गाठीवर गाठ, गाठीवर गाठ आवळली.

"अहो, पण तिथं गेल्यावर..." बायको म्हणाली.

"गप! तुझ्या दाजीला दाखवतोच."

चाकूरला उंबऱ्याशी सासूबाई परात घेऊन आणि सासरे कोमट पाण्याचा तांब्या घेऊन उभे. धोंड्याला जावयाचे आधी पाय धुतात, मग घरात घेतात. बूट कोण बघतंय! साडू चप्पल सोडून केव्हाच पाय धुवायच्या पाटावर बसलेला. मी ओट्यावर बसून गाठी ओढून राहिलो आणि त्या जास्तच आवळत गेल्या.

"विळा आणू का, पाव्हणं?" सासरे म्हणाले.

"न्हाई! लेस कापायची न्हाई!"

अर्धी गल्ली जमली. तेवढ्यात साडू उठला, स्वतःच्या बायकोच्या केसातली पिन घेतली आणि माझ्या पायाशी उकिडवा बसला. माझ्या पायाशी! मी मान अशी ताठ केली की अहमदपुरापर्यंत दिसावी. एकेक गाठ सुटत होती आणि मला वाटत होतं, सावकाश, राजा, सावकाश.

"बघितलं का," सासूबाई गल्लीला म्हणाल्या, "मोठेपणा म्हणतात तो ह्यो! धाकट्याच्या पायाला हात लावला माझ्या लेकरानं."

आणि सासऱ्यांच्या हातातला तांब्या घेऊन सगळं कोमट पाणी त्याच्या पायांवर ओतलं. माझ्या वाट्याला रांजणातलं गार आलं.