पुठ्ठ्यामागचे शेत

ठाण्याहून डोंबिवलीला जाण्यास प्रवास म्हणत नाहीत, असे मला निघण्यापूर्वी दोघांनी ऐकवले. एक माझी पत्नी आणि दुसरा नौपाड्यातला आमचा पेपरवाला. दोघांसही मी एकच उत्तर दिले. प्रवास कशास म्हणावे याची व्याख्या माझ्या वाचनात आलेल्या कोणत्याही अधिनियमात केलेली नाही. तेव्हा ती करण्याचा अधिकार प्रवाशाचा. शिवाय मी सरळ जाणार नव्हतो. आधी कल्याणला जाऊन अक्काला घ्यायचे होते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय बहात्तर, अविवाहित, कल्याणच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. काचबिंदूने तिची दृष्टी कडांकडून आत आत मिटत चालली होती. नळीतून पाहावे तेवढे समोरचे दिसे. गेले ते परत येणार नाही आणि उरले ते किती टिकेल याची हमी नाही, असे डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितले होते. त्यावर ती मला एवढेच म्हणाली, "दिनू, मग आता निवडून बघायला हवं."

तिने जे निवडले ते डोंबिवलीत होते. कोपरला राहणाऱ्या माझ्या मुलीने बातमी आणली, की मानपाडा रस्त्यालगतच्या, नातवाच्या शाळेच्या सभागृहात तिथली चित्रपट मंडळी येत्या रविवारी सकाळी अक्काच्या कादंबरीवरचा इंग्रजी चित्रपट दाखवणार आहेत. 'अक्काची कादंबरी' म्हणजे तिने लिहिलेली नव्हे, शिकवलेली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, विलायतेतील. एका निर्धन मुलीस तिचा काका मृत्युपत्राने घर देतो. अट अशी की शेजारच्या कुळाच्या मुलाशी तिने विवाह करू नये. असली अट कायद्यापुढे टिकेल काय, यावर मी आणि अक्का चाळीस वर्षे भांडत आलो आहोत. शेवटच्या पानावर ती मुलगी मृत्युपत्र हातात घेऊन, भिजलेले शेत तुडवीत त्याच्याकडे निघते, आणि पुस्तक संपते. पोहोचल्यावर ती काय करते, ते लिहिलेलेच नाही. दर वर्षी वर्गातील मुली विचारीत, "बाई, पुढे काय?" आणि अक्का सांगे, "पुस्तकात नाही."

चित्रपटास मात्र अशी पळवाट नसते. पडद्यावर मुलगी शेतात शिरली की तिला पलीकडे पोहोचवावेच लागते. ते पोहोचणे अक्काला बघायचे होते.

माझ्या गुडघ्यांना स्थानकाचे जिने मानवत नाहीत, म्हणून सकाळी साडेसहाची एस.टी. धरली. माघाची थंडी होती. बाळकुम मागे पडले आणि कशेळीच्या पुलावर खाडीचा खारट वारा खिडकीतून आत शिरला. ओहोटी होती, चिखलाचे चकाकते पट्टे आणि त्यांवर एका पायावर उभे बगळे. पुलापलीकडे एक आगरी बाई टोपली घेऊन चढली आणि माझ्या शेजारी बसली. टोपलीत काहीतरी वळवळत होते.

"बाबा, पाय वर घ्या," ती म्हणाली. "निवट्या (खाडीच्या चिखलातले मासे) जित्या हान."

"एस.टी.त जिवंत मासळी नेण्यास मनाई असावी," मी म्हणालो.

"मंग त्यांनाच सांगा ना, मरा म्हून."

कंडक्टर इतका हसला की त्याला दांडीचा आधार घ्यावा लागला. मी नियमाचा क्रमांक आठवत असताना एक निवटी टोपलीतून उडून माझ्या बुटावर बसली. बाईने ती दोन बोटांनी उचलली, बूट पदराने पुसला आणि कोनगाव येईपर्यंत मला वालाचे बिरडे कसे करावे ते समजावले. दुर्गाडीचा बुरूज दिसू लागला तेव्हा मी नियम विसरलो होतो, आणि बिरड्यात घालायच्या ओल्या नारळाचे प्रमाण मात्र पाठ झाले होते.

पारनाक्याजवळच्या आपल्या दोन खोल्यांत अक्का पहाटेपासून नेसून तयार बसली होती. पिशवीत दडप्या पोह्यांचा डबा, पाण्याची बाटली आणि तपकिरी कागदाचे वेष्टन घातलेली ती कादंबरी.

"पुस्तक कशाला? अंधारात वाचणार आहेस?"

"साक्षीला," ती म्हणाली. "तुला कळायला पाहिजे. कोर्टात होतास ना?"

मी चौतीस वर्षे कोर्टात होतो, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. निवृत्तीनंतर काम उरले ते पत्रांचे. नगरपालिका, वीजखाते, वर्तमानपत्रांचे संपादक, शाळांची व्यवस्थापने. ज्याला जसे लागेल तसे. प्रत्येक पत्राची स्थळप्रत (स्वतःजवळ ठेवायची नक्कल) माझ्या कपाटात आहे. लोक हसतात. हसोत. माझ्या पत्रांनी दोन गटारे झाकली गेली आहेत.

रिक्षाने निघालो. पत्री पुलाच्या चढावर रिक्षा धापा टाकू लागली तेव्हा चालक म्हणाला, "काका, तुम्ही जरा उतरता का? आजींना राहू द्या." मी उतरून चालत पूल ओलांडला, अक्का रिक्षातून मागे वळून, माझे गुडघे मोजत असल्यासारखी बघत होती. पुढे शिळ रस्त्याला मोकळी शेते होती, गवताच्या गंजी होत्या. अक्का डोके हळूहळू फिरवीत एकेक गंजी नळीत पकडीत होती.

सभागृहात सत्तर-ऐंशी माणसे होती. खिडक्यांवर शाळेच्या सतरंज्या टांगून अंधार केला होता. चित्रपट मंडळाचे चिटणीस सावंत, बँकेत नोकरी करणारे तरुण गृहस्थ, दारात उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, "साडेबाराला हॉल सोडायचाय हं. एक वाजता साखरपुडा आहे." यंत्र चालवणारे म्हात्रे कोपरचेच, प्रोजेक्टर एकच असल्याने प्रत्येक रीळ संपल्यावर दिवे लागत आणि ते दुसरे रीळ चढवीत.

पहिल्या रिळापासूनच अक्काने साक्ष सुरू केली. "घर फार मोठं घेतलंय. पुस्तकात दोन खोल्या आहेत." मागून कोणी "शू" केले. "काका बरा निवडलाय. असाच खडूस." पुन्हा "शू". दुसऱ्या रिळात एका नाचाच्या प्रसंगी पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा उजळला. मला वाटले, यंत्राचा दोष.

मग शेवटचे रीळ. मुलीने मृत्युपत्र हातात घेतले, दार उघडले. पडदाभर ओले, करडे शेत पसरले. अक्का खुर्चीत पुढे सरकली. मुलीची पावले चिखलात फच् फच् वाजू लागली. दूर कुंपणाशी तो उभा. ती पोहोचणार, एवढ्यात पडदा काळा झाला. आवाज चालूच होता. वारा, फाटकाची करकर, मग व्हायोलिने.

अक्काने माझे मनगट धरले. तिची बोटे थंडगार होती.

"दिनू," ती कुजबुजली, "मला दिसेनासं झालं रे."

"अक्का, कोणालाच दिसत नाहीये."

"खरं सांग."

"शपथेवर सांगतो."

पडदा उजळला तेव्हा त्यावर इंग्रजीत 'समाप्त' अशी अक्षरे होती. मी मागे वळलो. सावंत प्रोजेक्टरपाशी उभे होते आणि त्यांच्या हातात साडीच्या खोक्याच्या झाकणाचा पुठ्ठा होता.

पुढची पाच मिनिटे मी काय बोललो ते सर्व येथे देत नाही. प्रेक्षकाचा हक्क, परिनिरीक्षण मंडळाने (सेन्सॉरने) संमत केलेल्या चित्रपटावर खाजगी इसमाने हात चालवणे, आणि एका वृद्धेला आपण आंधळे झालो असे वाटायला लावणे, या तीन मुद्द्यांवर मी बोललो. आवाज चढलेला होता आणि त्याबद्दल मला आजही खेद नाही.

सावंत लाल झाले. "काका, मला हौस आहे का पुठ्ठा धरायची? आदल्या दिवशी पिक्चर लावून, यादी करून, उभं राहतो मी. मला स्वतःला लोकांत बसून एक शेवट धड बघायला मिळत नाही! शाळेचा ठराव आहे. दोन वर्षांपूर्वी कोणा पालकाचं पत्र आलं तीन पानी, कलमं-बिलमं घालून. तेव्हापासून ही अट आहे, नाहीतर हॉल बंद."

"कोण तो मूर्ख पालक? दाखवा पत्र!"

त्यांनी फाइल काढली. पहिल्या ओळीतच मी अक्षर ओळखले. दोन वर्षांपूर्वी नातवाला शाळेतून आणायला गेलो असता फाटकावर मी एका परदेशी चित्रपटाची जाहिरात पाहिली होती. त्याच दिवशी कोपरला मुलीच्या घरी बसून हे पत्र लिहिले होते. शेकडोंतले एक, विसरलो होतो.

अक्काने पत्र मागून घेतले, नाकाशी धरून वाचले.

"हा पिक्चर तू पाहिला होतास?"

"जाहिरात पाहिली होती."

"मुलींनी पुस्तक न वाचता उत्तर लिहिलं की मी शून्य द्यायची," ती म्हणाली. मग सावंतांकडे वळली. "ऐकायला मला उरलेलं आयुष्य आहे हो. आज बघायला आले होते."

दारात साखरपुड्याची माणसे हारांच्या टोपल्या घेऊन खोळंबली होती.

मी ठराव मागितला. आयुष्यभर इतरांचे दस्तऐवज वाचले. तो वाचताना जेवढी एकाग्रता लागली तेवढी कधी लागली नसेल. ठरावात माझ्याच पत्रातील वाक्य जसेच्या तसे उचलले होते: 'एका जबाबदार ज्येष्ठ व्यक्तीने यंत्रापाशी उभे राहावे व तीस आक्षेपार्ह वाटेल तो भाग झाकावा.'

"सावंत, तुमचं वय काय?"

"बत्तीस."

"म्हणजे आजवर तुम्ही ठरावाचा भंग करीत आला आहात. पुठ्ठा इकडे आणा."

सावंतांनी पुठ्ठा छातीशी धरला. म्हात्रे आधी हसले. "द्या हो त्यांना! मी रीळ उलटं गुंडाळतो. दहा मिनटं." मग दाराकडे वळून ओरडले, "ओ साखरपुडेवाले, या आत, बसा. शेवट चांगलाय!"

ते आले. नवरी मुलगी शालू सांभाळीत तिसऱ्या रांगेत बसली. अक्काने स्वतःची खुर्ची उचलून पडद्यापासून चार हातांवर नेऊन ठेवली. मी यंत्रापाशी पुठ्ठा घेऊन ताठ उभा राहिलो, ठरावानुसार.

शेत पुन्हा पसरले. पावले वाजली. ती पोहोचली. त्याने हात पसरले, तिने मृत्युपत्र चिखलात टाकले आणि त्याला मिठी मारली. मग चुंबन, व्हायोलिनांसह, बरेच लांब. सावंत अधूनमधून माझ्याकडे बघत होते. पुठ्ठा माझ्या मांडीलगत होता. मला काहीही आक्षेपार्ह वाटले नाही.

दिवे लागले. साखरपुड्याच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. अक्का मात्र उठून उभी राहिली आणि तीस वर्षे वर्गावर चाललेल्या आवाजात म्हणाली, "साफ चूक! अशी ती करणारच नाही!"

साखरपुड्याचे पेढे आम्हाला आग्रहाने मिळाले. नवऱ्या मुलीने अक्काला वाकून नमस्कार केला आणि विचारले, "आजी, मग ती काय करेल?" अक्काने तिला बाजूला घेऊन काहीतरी सांगितले. मुलगी हसली नाही, विचारात पडली.

परतीच्या रिक्षात अक्काने दडप्या पोह्यांचा डबा उघडला. ऊन डोक्यावर आले होते, शिळ रस्त्याची शेते पांढरी दिसत होती. मी म्हणालो, "एवढं करून शेवट आवडला नाही तुला."

"आवडायला कोण गेलं होतं? बघायला गेले होते. आता मला त्यांच्याशी भांडता येईल. न बघता भांडायची सवय तुझी." तिने मला चमचा दिला. "खा. आणि घरी गेल्यावर कागद काढ. विलायतेला पत्र लिहायचंय."

पारनाक्याच्या खोलीत ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. मृत्युपत्र ती चिखलात टाकणार नाही, ते त्याच्या हातात देईल. वाच म्हणेल, आणि त्याने वाचून होईपर्यंत समोर उभी राहील. कारण आपण काय सोडून आलो ते त्याला पुरते कळल्याशिवाय ती त्याला शिवणार नाही. मध्येच मी कायद्याचा एक मुद्दा सुचवला. अक्का म्हणाली, "तुझं पत्र नाहीये हे."

मी तो खोडला. पत्राखाली तिने नाक कागदाला टेकवून सही केली, आणि सही सरळ आली की नाही हे मला न विचारता पाकीट बंद केले. हजारभर पत्रांत हे एकच असे, की ज्याची स्थळप्रत माझ्यापाशी नाही. ती तिने ठेवली आहे, कादंबरीच्या शेवटच्या पानात.