पातीवरची इंग्रजी

माझी स्मरणशक्ती उपजतच चांगली आहे असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. उपजत काही नव्हतं. जे आहे ते मी कापसाच्या शेतात, बोटं सोलवटून कमावलेलं आहे.

साठ साल उजाडायच्या आसपासची गोष्ट. ब्राह्मणपुरीहून मी शहाद्याच्या हायस्कुलात जात होते. आमच्या वेळी इंग्रजी आठवीत सुरू व्हायची. सातवीपर्यंत वडिलांनी कुरकुर केली नाही. आठवीला मात्र स्वच्छ सांगितलं, “इंग्रजीमा पास व्हयनी ते शाळा, नही ते शेतमा कापूस येच. इंग्रजी तू बोलशी तरी कोनसंगे?”

प्रश्न रास्त होता, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. आमच्या अख्ख्या गावात इंग्रजीत ‘पाणी दे’ म्हटलं असतं तरी माणूस तहानेनं मेला असता.

इंग्रजीच्या सरांकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं: प्रत्येक शब्द वीस वेळा लिहा. मी वही भरून काढायची, आणि वर्गात उभं केलं की डोकं कोरं. “पालथ्या घड्यावर पाणी,” असं सर सगळ्यांदेखत म्हणायचे. पहिल्या चाचणीत पन्नासातले सात शब्द मला आले. त्यातला एक शेजारणीनं सांगितला होता.

तेवढ्यात वेचणी लागली. सुटीच्या दिवशी मलाही वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधून कापसात उभं केलं जायचं. वेचणीचा कायदा साधा आहे. ज्या ओळीत शिरलात ती तुमची पात, आणि धरलेली पात शेवटच्या झाडापर्यंत न्यायची. मधलं झाड सोडायचं नाही, दुसरीच्या पातीत घुसायचं नाही. माझी काकू माझ्या शेजारची पात धरायची. मी एखादं झाड चुकवलं की तिथूनच ओरडायची, “ओ पोरी, ते झाडनी तुन्हं काय बिघाडं? मांगे फिर!”

असंच एकदा तिनं मला मागे फिरवलं, आणि माझ्या लक्षात आलं की चुकवलेलं झाड मला न शोधता सापडलं. वीस वेळा लिहिलेला शब्द आठवत नव्हता, पण न लिहिलेलं झाड आठवत होतं. मग शब्द झाडावरच का ठेवू नयेत?

पहिल्या झाडाच्या दोन फांद्यांमधून पलीकडचं शेत दिसायचं, तिथं मी ‘विंडो’ ठेवली. दुसऱ्याला अळी लागली होती, तिथं ‘थीफ’. तिसऱ्याची बोंडं मिटलेलीच होती, त्यावर ‘स्लीप’. बांधाजवळचं झाड शेजाऱ्यांच्या बैलानं ओरबाडलं होतं; ते ‘नेबर’ला दिलं आणि जरा मनातला रागही काढला. एक चूक मात्र केली. दुसऱ्या धड्याचे शब्दही हावरटपणानं त्याच झाडांवर चढवले, आणि दोन्ही धड्यांची अशी झोंबाझोंबी झाली की एकही हाती लागेना. तेव्हापासून एका धड्याला एक पात. काकूला वाटायचं, पोरगी कापसाशी बोलते, हिला काहीतरी लागलं.

मार्चात तोंडी परीक्षा, आणि त्याआधी वडिलांनी वेचून झालेली कापसाची झाडं, पऱ्हाट्या, उपटून चुलीसाठी रचून ठेवल्या. माझी सगळी इंग्रजी मुळासकट उपटली होती. मी धावत शेतात गेले, मोकळ्या मातीत पहिल्या पातीच्या तोंडाशी उभी राहिले आणि दोन्ही हातांनी हवेतच वेचत चालू लागले. हात जिथं थांबायचा तिथं शब्द असायचा. एकही हलला नव्हता. मी रडले, आणि रडत रडत सगळ्या पाती संपवल्या.

परीक्षेला सरांच्या शेजारी हेडमास्तर बसले होते. मी डोळे मिटून शब्द सांगू लागले आणि हात आपोआप हलू लागले. सर उठले. “तळहातावर लिहून आणलंय काय? दाखव.” तळहातावर ओरखडे होते, अक्षर एकही नव्हतं. तरी म्हणाले, “हात मागे बांध आणि सांग.”

हात मागे गेले आणि पात दिसेनाशी झाली. मागे बोटं नुसतीच चाचपडत राहिली. सर हेडमास्तरांकडे बघून हसले. त्या हसण्यानं माझा तोल गेला.

“सर,” मी म्हणाले, “तुम्ही हात मागे बांधून एक बोंड वेचून दाखवा, मग मी हात बांधून शब्द सांगते.”

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, “हात सोड. सांग.” मी पन्नासच्या पन्नास शब्द सांगितले. कोणी थांबवलं नाही म्हणून पुढच्या पातीतलेही सांगितले.

पास झाले. पण सरांनी शहाद्याच्या बाजारात वडिलांना गाठून माझ्या जिभेची तक्रार केलीच. संध्याकाळी वडील ओट्यावर बसले होते. मला समोर उभं केलं. उलट बोलणाऱ्या पोरीला पुढे कोण शिकवतो? मी माझ्या मनात शाळेवर पाणी सोडलं, पण मान खाली घातली नाही.

“मास्तरले उलट बोलनी?”

“हां.”

“कोनती भाषामा?”

“मराठीमा.”

वडील ओट्यावरून उठले.

“मंग पुढना सालले इंग्रजीमा बोल.”