अंगणात माणसं नव्हती

डांबरगोळ्यांचा वास आला की लातूरची ती दुपार आठवते. भूकंपात आई आणि गावाकडचं घर दोन्ही गेलं. घरासमोर झालेल्या काकाच्या लग्नाचे फोटो तेवढे औशाला आत्याच्या पेटीत डांबरगोळ्यांत होते म्हणून राहिले. घर चहूबाजूंनी दिसणाऱ्या त्या फोटोंवरून, ट्यूशनवाल्या गल्लीतल्या उकडत्या खोलीत, मी कॉम्प्युटरवर घर पुन्हा उभं केलं. त्या दुपारी ते वडिलांना दाखवलं. अण्णांनी पडद्यावरचं मातीचं माळवद, ओटा, उंबरा नजरेनंच चाचपला. मग म्हणाले, "अन् माणसं? तुझी माय कुठंय?" मी म्हणाले, "फोटो जुळवताना जे हलतं ते हे सॉफ्टवेअर गाळून टाकतं, अण्णा. जागचं हलत नाही तेवढंच ठेवतं." अण्णा थकून भिंतीला टेकले. "त्या पहाटं तर घर हाललं, बाई. माणसं गाढ झोपली होती." कॉम्प्युटरवरचं ते अंगण मी अजून पुसलेलं नाही, पण पुन्हा उघडलेलंही नाही.