सदतीस अंश

माझे मेहुणे, म्हणजे ताईचे यजमान, आमच्याच प्रयोगशाळेत हगवणीचे जंतू वाढवतात. तिथे माणूस अगदी गोगलगाय. साहेबांपुढे मान वर नाही, शिपायालाही अहोजाहो.

आज बैठकीत मात्र त्यांनी छाती फुगवून सांगितलं, की नवा जंतू निरुपद्रवी आहे, पेशींवर सोडला तरी ढिम्म बसून राहतो. बैठकीनंतर मी त्यांच्या इन्क्युबेटरवरचा तापमानाचा आकडा पाहिला. तीस अंश. जन्म या कामात घालवलेल्या गृहस्थांना एवढंही आठवलं नाही, की हा जंतू गारव्यात रोगाची जनुकं बंद ठेवतो. माणसाच्या पोटातली सदतीस अंशांची ऊब लागली, की ती चालू होतात आणि मग तो आतड्यात घुसतो. डोक्यात नुसता भुसा.

संध्याकाळी ही फजिती मी ताईला तिच्या स्वयंपाकघरात हसत हसत सांगितली. ती हसली नाही. तेवढ्यात जिन्यात मेहुण्यांचे बूट वाजले. मुलांनी टीव्ही बंद केला आणि दोघंही आतल्या खोलीत पळाली.

"बाहेर गरीब, आणि आतली ऊब लागली की सुरू," ताई हळूच म्हणाली. "हे त्यांना ठाऊक नाही म्हणतोस?"