घाटमाथ्यावरचं भावोजींचं ताट

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतकं जेवणावर प्रेम केलेला आणि त्याच जेवणाशी इतकं कडाक्याचं भांडलेला माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. भावोजी ट्रक चालवतात. इकडचे जांभ्याचे चिरे भरून आंबा घाट चढायचा, कोल्हापूरला उतरवायचे आणि येताना पेंडीची पोती घेऊन घाट उतरायचा, असं गेली सत्तावीस वर्षं चाललंय. हा रस्ता त्यांच्या तोंडून आम्ही कधी गावांच्या नावांनी ऐकलाच नाही. पालीची मिसळ, साखरप्याचे वडे, घाटमाथ्यावरच्या ढाब्यातलं मटणाचं ताट, असाच तो ऐकला. त्या ताटात भाताचा डोंगर असे आणि पुढे दर तासाला चार चमचे साखर घातलेला चहा. "चहा पोटात असला की झोपेची हिंमत नाय जवळ यायची," असं ते ठासून सांगत. पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं तेव्हा त्यांनी जेवण कमी केलं नाही, सीट मागे सरकवून घेतली.

तीन वर्षांपूर्वी हे सगळं एकाएकी थांबलं. डॉक्टरांनी रक्तात साखर निघाल्याचं सांगितलंय, एवढंच आम्हाला कळलं. थोडं थोडं खा, वेळेवर खा, अधूनमधून गाडीतून उतरून चाला, असा डॉक्टरांचा साधा सल्ला होता. दुसऱ्या कुणी तो आठवडाभर पाळला असता. भावोजींनी त्याचा धर्म केला. केबिनमध्ये पाच कप्प्यांचा डबा आला. नाचणीची भाकरी, मोड आलेल्या कुळथाची उसळ, तव्यावर भाजलेला बांगडा, काकडी आणि उकडलेली अंडी, असा तो ताई पहाटे उठून भरू लागली. चहातली साखर गेली. जेवणानंतर वीस मिनिटं आडवं व्हायचं म्हणून त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून काचेला लावलं, 'चालक जेवून झोपला आहे. हाक मारू नये.' एकदा एका हवालदाराने ती पाटी वाचली आणि बिचारा खरोखरच वीस मिनिटं सावलीत थांबला. उठल्यावर भावोजींनी त्यालाच विचारलं, "साहेब, तुमची झोप होते काय पुरी?"

गाडी थांबली की ते ट्रकभोवती वीस फेऱ्या मारत, त्यातल्या दहा उलट्या. नुसत्या सुलट्या मारल्या तर माणूस एका अंगाला कलतो, असं त्यांचं शास्त्र. हातखंब्याला त्यांना असं खाली बघत फिरताना पाहून दोघा भल्या माणसांना वाटलं, यांचं काहीतरी हरवलंय. तेही मागून शोधायला लागले. भावोजींनी त्यांना थांबवलं नाही. "त्यांचे पाय मोकळे झाले तर आपलं काय गेलं?" माझ्या मुलीच्या साखरपुड्यालाही ते डबा घेऊन आले आणि व्याह्यांच्या ताटातला दुसरा गुलाबजाम त्यांनी मोठ्या मायेने उचलून बाजूला ठेवला. व्याही अजून तो गुलाबजाम विसरलेले नाहीत.

गेल्या वर्षी कोल्हापुरात माझं काम निघालं, म्हणून मी त्यांच्याबरोबर ट्रकने गेलो. घाट चढता चढता इंजिन तापलं आणि माथ्यावरच्या त्या जुन्या ढाब्यासमोर गाडी उभी करावी लागली. भावोजींचा चेहरा पडला. दोन वर्षं ते या ढाब्यासमोरून मान वळवून जात होते. ढाब्याच्या मालकीणबाई कमरेला पदर खोचून बाहेर आल्या. "काय वो रत्नागिरीकर, आमच्या हातचं कडू झालं व्हय?" त्या म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी मटणाचं ताट आणून पुढ्यात ठेवलं.

भावोजी त्या ताटाकडे बराच वेळ बघत राहिले. मग ताट हळूच पुढे सारून म्हणाले, "वहिनी, तुमच्या हाताचा काय दोष नाय. त्या शेवटच्या खेपेला इथंच पोटभर जेवून घाट उतरत होतो. भर दुपार. वळणावर डोळा लागला. गाडी डोंगराच्या बाजूला गेली, गटारात. दरीच्या बाजूला गेली असती तर... नंतर डॉक्टरकडं गेलो. तुमचं ताट समोर आलं की मला नाय म्हणवत नाय. म्हणून येत नव्हतो."

मी त्यांचा सख्खा मेव्हणा, पण मीही हे पहिल्यांदाच ऐकत होतो. मालकीणबाई ताट उचलून आत गेल्या आणि दुसरं घेऊन आल्या. दोन ज्वारीच्या भाकरी, मेथीची भाजी, मुळा आणि वाटीभर ताक. "हे आमचं घरातलं हाय. असलं गिऱ्हाइकाला द्यायचं म्हंजी लाज वाटती." भावोजींनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "हे फळ्यावर लिवा," ते म्हणाले. शेजारच्या बाकावरचा एक ड्रायव्हर मान उंचावून बघत होता. "मावशी, मलाबी तेच द्या," तो म्हणाला. आता ते खरंच फळ्यावर आहे, 'भाकरीचं ताट', मटणाच्या खाली. बारा-पंधरा गाड्या तरी रोज त्यासाठी थांबतात, असं भावोजी सांगतात. त्यात अतिशयोक्ती असेल, पण ती मी त्यांना करू देतो.

कोल्हापूरहून परतताना ते म्हणाले, "गटाराचं तुझ्या ताईला सांग. मला नाय जमायचं." मी दुसऱ्या दिवशी धीर करून सांगितलं. ताई परातीत नाचणीचं पीठ मळत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"मला ठाऊक होतं रे," ती म्हणाली. "त्या दिवशी दिवेलागणीला घरी आले नि माझ्या बाजूला येऊन बसले. मी वाढते म्हटलं तर म्हणाले, नको, बस तू नुसती. एवढ्या वर्षांत न जेवता माझ्याजवळ बसले ते तेव्हाच."