मिनल मॅडमचा आग्रही रोबो

मिनल मॅडम थेरगावच्या. वडील भीमराज पिंपरीत टर्नर होते. मॅडम कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. माणूस आणि रोबो शेजारी उभे राहून काम करतात तेव्हा एकमेकांना कसं ओळखतात, हे त्यांचं संशोधन. वर्गात पहिल्याच दिवशी लॅपटॉप बंद करायला लावतात. "आधी माणसाकडे बघा. मशिनचं मी बघते."

मी कामगार युनियनचा; त्यांच्याशी भांडायलाच गेलो होतो. चाकणच्या एका कंपनीत त्यांचा रोबो चाचणीला बसवला होता. कामगारानं तळहात पुढे केला, की रोबोनं त्यात नट ठेवायचा. आमचे हिंदुराव तिथल्या असेंब्ली लाइनवर सव्वीस वर्षं. रोबोच्या नोंदीत आलं, हे शिफ्टमध्ये अकरा वेळा नट मागतात आणि वापरतच नाहीत. मॅनेजर रविराज म्हणाले, यांना रोबो जमत नाही, पॅकिंगला पाठवा. सव्वीस वर्षं इंजिन बांधणारा माणूस आता खोक्यांना चिकटपट्टी लावणार?

मी टेबलावर हात आपटला. "तुमचं मशिन खोटं बोलतंय."

"आपटून झालं असेल तर चहा घ्या," मॅडम म्हणाल्या. "उद्या जाऊन बघू."

दुसऱ्या दिवशी त्या वही घेऊन हिंदुरावांच्या मागे उभ्या राहिल्या. तासाभरात हिंदुराव त्यांना विसरूनही गेले. मग सवयीनं डावा तळहात पसरला, खिशातून पुडी काढली, तंबाखू ओतली. अंगठा टेकवणार, तोच रोबोनं अदबीनं त्यात नट ठेवला. हिंदुरावांनी निमूट तो बाजूला केला. लगेच दुसरा आला.

"लई आग्रह करतंय," ते पुटपुटले. "पंगतीत वाढल्यावानी."

मॅडमनी वहीआड तोंड लपवलं. मग मला हळूच म्हणाल्या, "याला शिकवताना मी माझ्या विद्यार्थ्यांचे हात दाखवले होते. त्यातलं एकही पोरगं मळत नाही."

मला हसू येईना. कारखान्याच्या आत तंबाखू सापडली तर माणूस थेट घरी. मॅडमनी खरं सांगितलं तर नोकरी जाणार, गप्प बसल्या तर पॅकिंग.

रविराजांसमोर त्या सरळ बसल्या. "चूक माझ्या रोबोची आहे. उघडा हात दिसला, की त्याला मागणंच वाटतं. माणूस मागताना समोरच्याकडे बघतो, हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. आठ दिवस द्या. आणि हिंदुराव मला लाइनवरच हवेत. ही चूक त्यांच्यामुळे कळली."

"पण त्यांच्या हातात होतं काय?"

"ते माझ्या विषयात येत नाही."

आठ दिवसांनी हिंदुरावांनी खाली बघत तळहात उघडला. रोबो थांबला. त्यांनी मान वर केली, तेव्हाच नट आला. रविराजांनी सही केली; हिंदुराव लाइनवर राहिले.

शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर ते ऐटीत उभे होते. मॅडम समोर आल्या, तळहात पुढे केला आणि थेट त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

हिंदुरावांनी मुकाट पुडी काढून तळहातावर ठेवली. "चुन्याची डबी बी?"

"ती पण." दोन्ही मॅडमच्या पर्समध्ये गेलं.

मग मॅडमनी तोच रिकामा हात माझ्याकडे वळवला. मी शर्टाचा खिसा दाबला आणि वर न बघता रस्ता ओलांडला.