माझा नंबर तीन

गेल्या महिन्यात रोममध्ये माझा फोन चोरीला गेला... आणि गंमत म्हणजे आमच्या घरातली सेफ्टी एक्स्पर्ट मीच.

माझ्या सासूबाई पाच महिने आमच्याकडे कॅनडात किचनरला राहून वर्ध्याला परत निघाल्या होत्या. मुलीला मार्च ब्रेकची सुट्टी होती, म्हणून ठरवलं की चौघांनी मिळून चार दिवस रोम बघायचं. मग तिथूनच आई मुंबईच्या विमानात बसतील आणि आम्ही तिघं घरी येऊ.

निघायच्या आधी महिनाभर मी व्हिडिओ बघत होते. पाकीट कसं मारतात, सह्या मागायला कोण येतं, मनगटाला धागा कोण बांधतं... इथे आपण कॉफी शॉपच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून खुशाल वॉशरूमला जातो, ते तिथे चालणार नाही, हे मी नवऱ्याला आणि आठ वर्षांच्या इराला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी इरा "मम्मा, वुई नो" म्हणून कानांवर हात ठेवायला लागली. सगळ्यांना चेनच्या बॅगा, पासपोर्टच्या झेरॉक्स, फोनवर एकमेकांचं लोकेशन... सगळी जय्यत तयारी.

आईंची तयारी वेगळी होती. तीस वर्षं त्या मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई होत्या आणि दर वर्षी सहल त्याच न्यायच्या. सहलीत प्रत्येक मुलीला एक नंबर. बसमधून उतरलं की मोजणी, जेवून उठलं की मोजणी. रोमला उतरल्या उतरल्या त्यांनी आम्हालाही नंबर देऊन टाकले. त्या एक, इरा दोन, मी तीन, माझा नवरा मंदार चार.

मग जिथे जाऊ तिथे आईंचा तो मैदानावरचा आवाज... "एक." इरा आनंदाने "टू" म्हणायची. मी तोंडातल्या तोंडात "तीन" पुटपुटायचे, कारण लोक वळून बघायचे.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालेच, "आई, असं ओरडलं की लगेच कळतं आपण टुरिस्ट आहोत. चोर अशांवरच लक्ष ठेवून असतात." त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. त्यानंतर त्या गुपचूप बोटाने मोजायच्या. चेहरा उतरलेला मला दिसला होता... पण मी माझ्याच तोऱ्यात होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्या प्रसिद्ध कारंज्यापाशी गेलो. मुंगी शिरायला जागा नव्हती. तिघांचा फोटो काढायला मी फोन काढला, हात उंच केला... आणि हात रिकामा.

'चोराच्या मागे धावायचं नाही' हा नियम माझ्याच यादीत ठळक अक्षरांत होता. मी धावले. दोन गल्ल्यांनंतर तो दिसेनासा झाला, आणि मागे वळून बघते तर सगळ्या गल्ल्या सारख्या, प्रत्येकीत एक आइस्क्रीमचं दुकान. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण... ते पाषाण म्हणजे मी.

विचारत विचारत कारंज्यापाशी परत आले, पण भलत्याच बाजूने. माझी उंची पाच फूट. समोर नुसत्या पाठी आणि सेल्फी स्टिक. एका बाईंनी दया येऊन त्यांचा फोन पुढे केला, तर मला मंदारचा नंबर आठवेना. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण नंबर कधी पाठ केलाच नव्हता. हॉटेलचं नावसुद्धा फोनमध्येच... आता मात्र मला रडू यायला लागलं. इरा तिकडे घाबरून काय करत असेल, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात गर्दीच्या पलीकडून आवाज आला. "एक."

त्यामागून बारीक, रडवेला... "टू."

आणि मग काहीच नाही. माझ्या नंबरची जागा मोकळी ठेवून ते थांबले होते. मी टाचा उंचावून बघितलं, तरी समोर पाठीच. पुन्हा "एक"... पुन्हा "टू"... आणि मग मी "तीन" असं ओरडले की चौकातला पोलीससुद्धा वळला. लगेच मंदारचं "चार". त्या आवाजांच्या रोखाने मी गर्दीतून वाट काढत गेले आणि इरा येऊन कमरेला बिलगली.

नंतर कळलं, मंदारच्या फोनवर माझ्या लोकेशनचा ठिपका स्टेशनच्या दिशेने पळत होता. तो दोघींना घेऊन त्या ठिपक्यामागे निघालाच होता... म्हणजे थेट चोरामागे. आई जागच्या हलल्या नाहीत. शेवटची मोजणी जिथे झाली तिथून हलायचं नाही, हा त्यांचा सहलीतला नियम.

एरवी शाळेतलं शुद्ध मराठी बोलणाऱ्या आई माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काहून धावली वं त्याच्या मागं? फोन दुकानात भेटते. सून भेटते का?"

विमानतळावर निरोप घेताना मीच म्हटलं, "आई, मोजा ना." चौघांनी चांगलं खणखणीत मोजलं. लोकांनी बघितलं तर बघू दे...

आता रोज सकाळी किचनरमध्ये उठले की फॅमिली ग्रुपवर आईंचा मेसेज आलेला असतो. फुलं नाहीत, सुविचार नाही, नुसता '१'. इरा शाळेत जायच्या आधी माझ्याच फोनवरून '२' टाकते, मग मी, मग मंदार.

परवा सकाळपासून मीटिंगमध्ये अडकले आणि माझा नंबर टाकायचा राहिला. दुपारी फोन बघितला तर आईंचा दुसरा मेसेज... पुन्हा '१'. मोजणी त्यांनी पहिल्यापासून सुरू केली होती.

मी लगेच '३' पाठवला. इतक्या लांब बसून कुणीतरी आपल्या नंबरसाठी थांबलेलं असतं... याहून सेफ मला कुठेच वाटलेलं नाही.